अकरा सेकंदांचा चिखल

२६ जुलै, शुक्रवार

मी सांगून राह्यली, रंजीता लिहून राह्यली. रंजीता माही सून, बारावी शिकली आहे. मी एकही अक्षर शिकली नाई, म्हणून सारं शिक्षण तोंडात गेलं.

लिहायचं कारण असं. दोन सालाआधी वैनगंगेचं पाणी असंच आलं होतं. मंग पंचनाम्याचे साहेब आले. विचारलं, पाणी कोणत्या तारखेले चढलं, कोणत्या तारखेले उतरलं? घरात पाणी शिरलं की माणूस कोंबड्या धरते, कॅलेंडर नाई धरत. साहेबानं मान हलवली आन आमचं नाव यादीतून राह्यलं. म्हणून या खेपेस म्हटलं, रंजीता, अर्धी कोरी असन ते वही काढ आन रोजचं लिव.

तं लिव. सोमवारी दुपारी पाणी आलं, गुरुवारी सांजेले गेलं. पिपरघाटची घरं उंचावर आहेत, ते वाचली. पाणंदीखालच्या नऊ घराच्या बांध्या, म्हणजे धानाची वावरं, चार दिवस पाण्याखाली होत्या, त्यात आमची तीन एकर. रोवलेलं धान सडलं. पऱ्हे बी सडले. शहरातल्या साहेबासाठी हे बी लिव, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. एका वाफ्यात वाढवायची, उपटायची, जुड्या बांधायच्या आन बांधीत रोवायची. पऱ्हे नाई तं रोवणा नाई, रोवणा नाई तं सालभर भात नाई.

आता पेरून पऱ्हे तयार व्हायले वेळ नाई. तयार पऱ्हे कुठून तरी आणा लागते, ते बी मघा नक्षत्र लागायच्या आत. रंजीतानं पाहून सांगितलं, सोळा ऑगस्ट. त्याच्यानंतर रोवा नाईतं नाचा, लोंबीत दाणा भरत नाई.

वास येऊन राह्यला. आंबलेल्या पेजेसारखा.

२८ जुलै, रविवार

धनराज माहा लेक. गुणवंतरावाच्या पार्टीचा. शेजारचा हरिदास भैयाजीच्या पार्टीचा. दोघंई एकाच पानठेल्यावर बसतेत, एकमेकाच्या नेत्याले शिव्या देतेत आन खर्रा अर्धा-अर्धा खातेत. इलेक्शन दिवाळीच्या मागंपुढं आहे. तिकीट अजून कोणालेच नाई, पण गुणवंतराव बी उमेदवार आन भैयाजी बी उमेदवार. आपल्याच तोंडानं.

धनराज म्हणे, "आई, गुणवंतराव साहेब पाहणीले येऊन राह्यले."

"काय पाहाले?"

"पूर."

"पूर तं गुरुवारीच गेला. त्याले सांग, उशीर झाला."

"तुले प्रत्येक गोष्टीत मस्करीच सुचते."

तांदूळ निवडता निवडता रंजीता हळूच बोलली, "आई, डोंगरटोल्याले यंदा पऱ्हे जास्त टाकले होते म्हणे. त्यायचा रोवणा बी झाला. दादाले विचारू काय?"

दादा म्हणजे तिचा भाऊ लटारू. त्याचं नाव मी या घरात घेऊ देत नाई. तीन साल झाले. नातीच्या बारशाले आला होता. पंगतीत मी म्हटलं, "लटारू, पोटभर जेव बापा. तुमच्या डोंगरटोल्याच्या डाळीत तं तोंड पाहून भांग पाडता येते." सारी पंगत हासली. तो ताटावरून उठला आन चालला गेला, तो आजपर्यंत आला नाई. मस्करीचा राग येते त्याले मी काय करू? माफी मागाचं वळण माह्या तोंडाले नाई.

रंजीताले माहेरी जाऊ नोको असं मी कधी म्हटलं नाई. फक्त तिच्या जाण्याचा विषय निघाला की माहे गुडघे दुखतेत.

हे लिहितानी रंजीताची मान खाली आहे. अक्षर चांगलं येत असन.

३० जुलै, मंगळवार

गुणवंतरावाची माणसं दोन दिवस आधी आली. जागा निवडाले. एक जण आमच्या अंगणात येऊन म्हणे, "मावशी, हा चिखल झाडू नोका. परवा साहेब येऊन राह्यले."

मी म्हटलं, "चिखल तुमचा आहे काय? घेऊन जा."

मंग ते झिंगूच्या पडक्या गोठ्याजवळ गेले. गोठा तं मागच्या उन्हाळ्यात पडला, झिंगूच्याच बैलानं पाडला. पण फोटोत चांगला पडते म्हणे. झिंगूले सांगितलं, इथी उभा राह्यजो, तोंड उतरवून. झिंगू दिवसभर तालीम करून राह्यला होता. शेवटी बायकोनं हाकलला.

१ ऑगस्ट, गुरुवार

आज बहुत लिहा लागते. रंजीता, चहा पिऊन घे.

उंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थोडेसे पऱ्हे वाचले होते. अर्ध्या बांधीपुरते. म्हटलं, आहे तेवढे तं रोवू. आमी सात बाया पाण्यात उतरलो. तेवढ्यात गुणवंतराव आले. नऊ गाड्या पुलावरच फसल्या, मंग पायी आले. एक माणूस छत्री धरायले, एक माणूस मोबाईल धरायले. गमबूट नवे कोरे, टाचेवर किमतीची चिठ्ठी तशीच. मागं पोंभुर्ण्याचा रोशन. त्याच्या मोबाईलवर बातम्याची वाहिनी चालते.

धुऱ्यावर उकिडवे बसून विचारलं, "आजी, काय परिस्थिती आहे?"

"येतानी पाह्यली नाई काय?"

माह्या खांद्यावर हात ठेवला. फोटोवाला म्हणे, साहेब, परत एकदा. परत ठेवला. माह्या एका खांद्याचं दोनदा सांत्वन झालं. दुसरा खांदा तसाच राह्यला.

आता आमच्या इथची रीत लिव. रोवणा चालू असतानी धुऱ्यावर कोणी मोठा माणूस आला, तं रोवणाऱ्या बायांनी त्याले धराचं. गालाले चिखल लावायचा, पायाले पऱ्ह्याची जुडी बांधायची आन बोजारा मागाचा. बोजारा म्हणजे रोवण्याचं बक्षीस. कोणी गूळ देते, कोणी जेवण कबूल करते. कबूल केलं की सोडायचं. यात राग नाई. चिखल लागणं हा मान आहे. ज्याच्याकडून काई यायची आशा नाई त्याले कोणी चिखल लावत नाई. चिखल लागते तो देणारा. माह्या आजीनं मालगुजाराले लावला होता.

मी म्हटलं, "धरा वं!"

बायांनी हात धरले, मी गालावर चार बोटं ओढली. छत्रीवाला ओरडला. पण खरं सांगते, गुणवंतराव हासले. म्हणे, "बोजारा काय? लहानपणी माह्या मायच्या संगं रोवण्यावर पाह्यलं होतं. मागा आजी, काय पाहिजे?"

"पऱ्हे द्या. पाणंदीखालच्या नऊ घराले. मघा लागायच्या आधी."

"दिले. दोन ट्राल्या. बस?"

"बस."

तवर आमच्यातल्या सोनुलेबाईनं त्याच्या पायाले जुडी बांधली होती. मागून कोणी बोललं, साहेब, लेट होऊन राह्यलं. गुणवंतराव वळले, जुडी विसरले. ते दुसऱ्या गमबुटाखाली आली आन मोठा माणूस फतकन चिखलात बसला. आमी साऱ्या हासलो. माहा आवाज सगळ्यात मोठा. तो बी हासलाच असता, पण क्यामेरा होता.

दोन ट्राल्या कबूल झाल्या. सोळा तारखेले अजून पंधरा दिवस आहेत. रंजीता, दोन ट्राल्याखाली रेघ ओढ.

२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी हरिदास धावतच आला. "मावशी, तुमी तं साऱ्या महाराष्ट्रात गेल्या!"

मोबाईल दाखवला. मी चिखल लावून राह्यली, गुणवंतराव पडून राह्यला. खाली मोठ्या अक्षरात लिवलं होतं. रंजीतानं वाचलं, "पूरग्रस्त माउलीचा संताप! नेत्याला चिखलात लोळवलं!" भैयाजीच्या पार्टीवाल्यांनी त्याच्यावर ढोल-ताशाचं गाणं लावून फिरवलं. रंजीतानं मोजलं, अकरा सेकंद. त्याच्यात तो "दिले" म्हणते ते नाई. मी हासली ते बी कापलं. हासली नाई तं मी भयानक दिसते, हे मले आजच कळलं.

रोशनले फोन लावाले सांगितलं.

"काऊन रे बापू, दोन ट्राल्या म्हणाला ते कुठी आहे?"

"आजी, पूर्ण कोणी पाहात नाई."

"तुह्याजवळ आहे काय पूर्ण?"

"आहे नं. पण त्यात काई झालंच नाई."

दुपारी गुणवंतरावाच्या पार्टीचा उलटा व्हिडिओ आला. एक जाकिटवाला म्हणे, ही म्हातारी विरोधकांनी पेरलेली आहे, हा पूर्वनियोजित कट आहे. मी वैनगंगेले बी विचारून पूर्वनियोजन केलं असन. सात बायायले धुऱ्यावर वेळेवर आणता आणता माहा घसा बसते, मी कट काय करीन?

हरिदास म्हणे, तुमी वाघीण आहा. जाकिटवाला म्हणे, तुमी कटवाली आहा. कोणी विचारलं नाई, मावशी, बांधीत काय आहे.

४ ऑगस्ट, रविवार. जिवतीची अवस

आज दारावर जिवतीचा कागद लावला, लेकराबाळाले सुखी ठेव म्हटलं. तेवढ्यात लेकरू मोबाईलमध्ये दिसलं.

धनराजच होता. पार्टीच्या हापिसात खुर्चीवर बसून, हात जोडून सांगून राह्यला होता, "आईला तीन दिवसांपासून ताप आहे. वयामुळे तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. साहेब आमच्यासाठी देवासारखे आहेत. झाल्या प्रकाराबद्दल मी माफी मागतो." घरात असं शुद्ध कधी बोलला नाई. कोणी तरी लिहून दिलं असन.

माफी कशी पटकन मागितली पाहा. माह्या पोटचा आहे काय, शंका येते.

दुपारी जेवाले बसला.  जवळ गेली, त्याच्या कपाळाले हात लावून पाह्यला. म्हटलं, "ताप तं नाई. मंग माह्याकडून निघून गेला कुठी?"

भात तसाच ठेवून उठला. आमच्या घरातून माणसं ताटावरून काऊन उठतेत, कोणास ठाऊक.

जातानी मी ट्राल्यायचं विचारलं. म्हणे, "आता कायच्या ट्राल्या? आता साहेबानं पऱ्हे पाठवले तं लोक म्हणतीन, डरला."

मंग मी हरिदासले म्हटलं, "तुह्या भैयाजीले म्हण, तू दे." हरिदास डोकं खाजवून म्हणे, "मावशी, पऱ्हे भेटले तं तुमचा संताप कुठी राह्यला? अजून आठ-दहा दिवस संताप ठेवा."

म्हणजे एकजण देत नाई, कारण मी त्याचा अपमान केला. दुसरा देत नाई, कारण मी अपमान करून बहुत चांगलं केलं. दोघंई लेकाचे भात कुठचा खातेत?

मले बारा दिवस राह्यले.

६ ऑगस्ट, मंगळवार

भैयाजी आला. गुणवंतराव निदान धुऱ्यापर्यंत आला होता. हा पाणंदीवरच थांबला, चिखलाचे डाग लागतीन म्हणून. संगं तीन मोबाईलवाले, आन पितळेची थाळी घेतलेली एक बाई. थाळीत माती. ओली केलेली, चाळलेली, वरतं झेंडूचं फूल.

मी विचारलं, "हे काय?"

"माय, तुमच्या हातानं मले बी माती लावा," भैयाजी म्हणे. "त्याले रागानं लावली, मले आशीर्वाद म्हणून लावा. आन त्याच्या आधी एकदा जसं परवा बोलल्या तसं बोला."

"परवा मी काय बोलली?"

त्यानं मागं पाह्यलं. मागच्यानं कागद दिला. त्याच्यावरून वाचून दाखवलं, "चालते व्हा, तुम्ही आम्हाला बुडवलं." हे मी बोलली म्हणे. मी बोलली तं "धरा वं" बोलली होती.

म्हटलं, "भैयाजी, ही माती कुठली?"

"आमच्या फार्महाउसची."

"तं तिथंच लावून घ्याची होती. रोवण्याचा चिखल मागून लावून घेत नाई. तो देणाऱ्याले लागते. पऱ्हे देता काय? आता लावते, दोन्ही गालाले."

"आमचं सरकार आलं की माय, पहिला निर्णय पऱ्ह्याचाच!"

"सरकार दिवाळीले. धान तवर तुमच्या थाळीत ठेवू काय?"

मोबाईलवाल्यायनं हे घेतलं नाई. जातानी नऊ घराले पिवळ्या प्लास्टिकच्या थैल्या वाटल्या. तेल, साखर, मीठ, चहापत्ती. थैलीच्या दोन्हीकडून भैयाजीचं तोंड, हात जोडलेलं. साखर ओली होती. थैली मात्र मजबूत.

८ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवसापासून झड लागली. पण बांध्या साफ करा लागतेत. पऱ्हे येवो का न येवो, सडलेलं काढलं नाई तं काईच नाई. साऱ्या बाया गेलो. डोक्यावर घ्याले काई नव्हतं. भैयाजीच्या थैल्या एका बाजूनं फाडल्या, कुंचीसारख्या डोक्यावर ओढल्या. कामाले चांगल्या, पाणी मानेत जात नाई.

रोशन पुलावरून गेला आन व्हिडिओ काढला. सांजेले बातमी, "पिपरघाटच्या महिला भैयाजींच्या पाठीशी! भर पावसात प्रचार!"

आमी वाकलेल्या, आन वरतं भैयाजीची नऊ तोंडं आभाळाले हात जोडून राह्यली. पाठीशी तं तोच होता, आमच्या.

गुणवंतरावाच्या पार्टीनं म्हटलं, पाहा, सांगितलं होतं नं, म्हातारी विकली गेली. हरिदासनं पेढे आणले. धनराजनं पेढा घेतला नाई, मंग घेतला. आज पानठेल्यावर दोघायची हातघाई झाली, माह्या नावानं. खर्रा वेगळा-वेगळा घेतला म्हणे. गावात लढाई झाली तं अशी झाली.

आठ दिवस राह्यले. बांधी आरशासारखी साफ आहे. आरशात रोवाले काई नाई.

रंजीता परत हळूच बोलली, "आई, दादाकडं..." मी म्हटलं, गुडघे दुखून राह्यले.

९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

(आई पूजेला वारुळाकडे गेल्या आहेत. हे मी माझं लिहिते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून लिहिते. आज दादाला फोन केला. तीन वर्षांनी केला. आधी त्यानं भाचीचं विचारलं. मग म्हणाला, मोबाईलवर पाहिली तुझी सासू, चिखल लावताना हासत होती ते कापलं ना त्यांनी? मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाला, हासल्याशिवाय तिला काही करता येते का? गावात उरलेले पऱ्हे गोळा करतो म्हणाला. मी येणार नाही, ट्राल्या पाठवतो. माझं नाव सांगू नको. मी बरं म्हटलं. — रंजीता)

११ ऑगस्ट, रविवार

ट्राल्या आल्या!

सकाळी दोन ट्रॅक्टर पाणंदीत आले, हिरवे गच्च. ड्रायव्हर अनोळखी. कोणी पाठवले म्हटलं तं म्हणे, "मले ठाऊक नाई, उतरवून घ्या लवकर, ऊन लागन." बाया नाचल्याच. मी म्हटलं, गुणवंतराव, मानलं बापा तुले! उशिरा दिला पण बोजारा दिला. तुह्या मायनं तुले रोवण्यावर फुकट नाई नेलं.

हे मी बोलली आन रंजीता धुऱ्याकडं पाहून राह्यली.

तासाभरात पुलावर दोन फलक लागले. एकावर "वचनपूर्ती! गुणवंतराव साहेबांकडून पूरग्रस्तांना पऱ्हे." दुसऱ्यावर "भैयाजींच्या प्रयत्नांना यश." दुसऱ्या फलकावर माहं बी तोंड, न हासलेलं. रोशन दोन्हीकडची मुलाखत घेऊन गेला. धनराज एका फलकाखाली, हरिदास दुसऱ्या. पऱ्हे उतरवाले एकही नाई आला.

मी पाण्यात उतरली, पहिली जुडी हातात घेतली आन थांबली.

हे नीट लिव रंजीता. अक्षर मले वाचता येत नाई, जुडी वाचता येते. चाळीस साल दुसऱ्याच्या बांधीत रोवणा केला. आमच्याकडं जुडी पळसाच्या सालीनं बांधतेत आन वरतं गाठ मारतेत. घाटाकडचे लोक सिंधीच्या पातीनं बांधतेत. ही तणसानं, म्हणजे धानाच्या वाळल्या काडीनं बांधली होती, दोन वेढे, आन शेवट आतल्या अंगानं खुपसलेला. उलट्या हातानं. अशी जुडी एकाच गावात बांधतेत.

मी दुसरी जुडी घेतली. तिसरी घेतली. साऱ्या तशाच.

सोनुलेबाई म्हणे, "काय झालं वं लहानूबाई, खराब आहेत काय पऱ्हे?"

म्हटलं, "नाई. बहुत चांगले आहेत. मुळीले माती ठेवून उपटले आहेत. जीव लावून उपटले."

१२ ऑगस्ट, सोमवार

रोवणा चालू. दुपारच्याले मी रंजीताले म्हटलं, वही आण, पहिल्यापासून वाचून दाखव. तिनं वाचलं. थैल्यायचं वाचलं, आन एक पान पटकन उलटवलं.

"ते पान काऊन खाल्लं?"

"कोरं आहे आई."

"मले अक्षर येत नाई, पण कोरं पान आन लिवलेलं पान वेगळं दिसते. वाच."

वाचलं तिनं.   "हासल्याशिवाय तिला काही करता येते का" हे तेवढं परत वाचाले लावलं. मंग परत एकदा.

इतके दिवस मी या वहीत गुणवंतरावाले हासली, त्याची इज्जत गेली म्हणून त्यानं नऊ घराचे पऱ्हे अडवले म्हणून. मले डोंगरटोल्याचे पऱ्हे अठ्ठावीस जुलैलेच ठाऊक होते. तारीख वहीतच आहे. रंजीतानं चांगल्या अक्षरात लिवली आहे. दोन आठवडे बांध्या रिकाम्या राह्यल्या, त्या कोणाच्या गुडघ्यापायी?

पुढं लिहू नोको.

नाई, लिव. पंचनामा आहे हा.

१४ ऑगस्ट, बुधवार

काल सांजेले शेवटची बांधी रोवून झाली. मघा लागायले तीन दिवस बाकी होते.

आज सकाळी मी भैयाजीची एक थैली घेतली, आमच्या बांधीतला चिखल भरला, वरतून गाठ मारली. रंजीताले म्हटलं, "नातीले नवी फराक घाल. माहेरी जाचं आहे."

"तुमचे गुडघे?"

"आज नाई दुखत."

यष्टीत कंडक्टर म्हणे, "आजी, तुमी त्या चिखलवाल्या नं? थैलीत काय आहे?" म्हटलं, चिखल. तो जराक मागं सरकला. पुलावर दोन्ही फलक पावसानं लोंबकळत होते, माहं तोंड अर्धं निघालं होतं.

डोंगरटोल्याले लटारू अंगणात तणस वळून राह्यला होता. मले पाह्यलं आन उभा राह्यला. भाचीले उचललं. 

मी थैली सोडली. त्याचा हात धरला, चिखलात बुडवला आन म्हटलं, "लाव."

"काय करून राह्यल्या बाई? सोडा."

"रीत आहे. चिखल देणाऱ्याले लागते. यंदा देणारी मी आहे. माह्याकडून तुले तीन सालापासून येणं आहे. लाव माह्या गालाले आन बोजारा माग."

त्यानं रंजीताकडं पाह्यलं. ते पदर तोंडाले लावून उभी. मंग त्यानं चार बोटं माह्या गालावर ओढली, हळूच, जशी लहान लेकराले पावडर लावतेत. तिथी कोणी मोबाईलवाला नव्हता. फक्त थैलीवरचा भैयाजी हात जोडून पाहात होता.

"माग."

लटारूनं हात तणसाले पुसला. मंग म्हणे, "बाई, जेवूनच जाचं. आन डाळीले नाव ठेवाचं नाई."

"पहिलं कबूल. दुसरं पाहू."

जेवलो. दिवसभर राह्यलो. रंजीता आठ दिवस इथंच राहीन म्हणे, म्हणून ही वही बी इथंच. मी हे शेवटचं अंगणात बसून सांगून राह्यली, यष्टीले अजून वेळ आहे. उद्या पंचनाम्याले साहेब आले तं त्यायले म्हणीन, वही माहेरी गेली आहे.

रंजीता, लिव. डाळ पातळच होती. खोटं कशाले लिहाचं? डाळ पातळच होती, आन मी दोनदा मागून खाल्ली.